बारामतीहून उडालेलं वडाप

विमान पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्याच्या पंखाखाली एक माणूस डबा उघडून भाकरी खात बसला होता. ऊन चढायला लागलं होतं आणि त्या सबंध माळावर सावली म्हणाल तर तेवढीच होती. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कपाळावर आडवा हात धरून विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शालन, हे त्याचं पिल्लू हाय का? थोरलं कुठं हाय?"

थोरलं नव्हतंच. जे होतं ते एवढंच. आमच्या शेळगावच्या फाट्यावर उभ्या राहणाऱ्या जीपपेक्षा जेमतेम दोन-तीन माणसं जास्त बसतील असं, नाकाचा रंग उडालेलं आणि दोन पंख्यांचं. तरी मुंबईला जाणारं विमान होतं ते, आणि आम्हाला मुंबईला जायचं होतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. बारामतीच्या धावपट्टीवर कुठलीशी एक कंपनी आली होती आणि तिने अगदी सामान्य माणसाला परवडेल अशा भाड्यात मुंबईपर्यंत विमान सुरू केलं होतं. कंपनी फार दिवस टिकली नाही, म्हणून तिचं नाव घेत नाही. आमच्याकडे तिला कुणी नावाने ओळखतही नव्हतं. सगळे 'उडतं वडाप' म्हणायचे. वडाप (सगळ्या जागा भरल्याशिवाय न सुटणारी जीप) आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचं. हे विमानही तसंच, भरल्याशिवाय सुटत नाही, अशी त्याची ख्याती होती.

आम्ही विमानाच्या वाटेला का गेलो ते आधी सांगायला हवं. माझी नणंद सुनंदा लग्न होऊन मुंबईला मुलुंडला गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि आबांनी तिचं घर एकदाही पाहिलं नव्हतं. मनात नव्हतं असं नाही. एसटीने निघाले की खंडाळ्याचा घाट लागायच्या आतच त्यांना असं मळमळायला लागायचं की खाली उतरून ते तिथूनच परत फिरायचे. एकदा भिगवणहून रेल्वेत बसवून दिलं, तर लोणावळ्याच्या पुढे बोगदे आहेत असं कुणीतरी सहज बोललं. आबा लोणावळ्यालाच उतरले. अंधारात शिरणारी गाडी त्यांना चालत नव्हती. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, सगळं लहानपण उघड्या रानात गेलं. डोक्यावर छप्पर असलेलं काहीही हलायला लागलं की त्यांचा जीव घाबरा होई.

सुनंदावन्सना मात्र हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, लेकीच्या घरी यायचं मनात असतं तर माणूस उलट्या करत का होईना पण येतो. आता त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. वन्सनी निरोप पाठवला की या वेळी आबा आले नाहीत तर आपण माहेर संपलं असं समजू. वन्स बोलतात ते करतात. त्यांनी एकदा रागाच्या भरात साखर सोडली होती, ती अजून सोडलेलीच आहे.

 दोन दिवसांनी संध्याकाळी आबा गोठ्यातून आले आणि म्हणाले, "इमानाचं तिकीट काडा. वर बोगदा नसतोय."

आमच्या ह्यांची नोकरी साखर कारखान्यात. गळीत हंगाम सुरू होता, रजा मिळणं शक्य नव्हतं. मी लासुर्ण्याच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारच्या अलीकडे-पलीकडे दोन रजा टाकणं मला जमण्यासारखं होतं. म्हणून आबांना मुंबईला पोहोचवायची जबाबदारी माझ्यावर आली. मी माझ्या पिशवीत लिंबं, आलेपाक, आवळासुपारी आणि बऱ्याच प्लास्टिकच्या पिशव्या भरून घेतल्या. तयारी म्हणून ती पुरेशी होती असं मला वाटत होतं.

पंखाखाली जेवणाऱ्या माणसाचं नाव साळुंके. त्यांनी हात धुतले, डबा बंद केला आणि पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन टेबलामागे बसले. तिकिटं तपासणारे तेच निघाले. तिकिटं तपासून झाल्यावर ते उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि आमच्या पिशव्या उचलायला लागले, कारण हमालही तेच होते. मग त्यांनी भिंतीवरचा कर्णा हातात घेतला आणि मुंबईला जाणाऱ्या प्रवाशांनी वजनकाट्याजवळ यावं, असं जाहीर केलं. आम्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होतो.

काटा भुसार बाजारात पोत्यांना असतो तसला. माणशी एक पिशवी आणि तीही लहान मुलाच्या दप्तराएवढी, असा नियम निघाला. पुढच्या प्रत्येक किलोला वेगळे पैसे. आबांनी लेकीसाठी आणलं होतं काय काय: नवी घोंगडी, भुईमुगाच्या शेंगा, पेरू, बाजरीचं पीठ आणि लोणच्याची बरणी. मी पैसे देते म्हटलं. आबांनी काट्यावरून उतरताना साळुंक्यांना एवढंच विचारलं, की माणूस वजनात जास्त भरला तर त्याचे वेगळे पैसे पडतात का. साळुंके म्हणाले, माणसाचं वजन फक्त विमानाचा तोल सांभाळायला घेतो, त्याचे पैसे नाहीत.

आबा मला पिशव्या घेऊन शेडच्या मागे या म्हणाले. तिथे त्यांनी शेंगा पैरणीच्या आतल्या खिशांत भरल्या, उरलेल्या पटक्यात कोंबल्या, पेरू धोतराच्या ओच्यात बांधले, पिठाची पिशवी पोटावर आवळली आणि सगळ्यावरून घोंगडी पांघरली. लोणच्याची बरणी माझ्या पदराआड आली. मी चौथीच्या मुलांना खरं बोलावं हे शिकवते, त्यामुळे मला जरा संकोच वाटला, पण बरणी मी खाली ठेवली नाही.

आबा पुन्हा काट्यावर उभे राहिले तेव्हा साळुंक्यांनी आकड्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि परत आकड्याकडे पाहिलं.  त्यांनी आबांची जागा डाव्या बाजूची बदलून उजवीकडे मधोमध केली आणि मला डावीकडे सगळ्यात मागे टाकलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. दोन जागा रिकाम्या होत्या. आमच्याशिवाय एक नवराबायको होते, ते एकमेकांचा हात धरून डोळे मिटून बसले होते, आणि एक औषधविक्रेता होता, तो पहिल्यापासूनच झोपला होता. कॅप्टनसाहेब शेडच्या दारात वर्तमानपत्र वाचत होते. पांढऱ्या मिशांचे, निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. साळुंके मोटारसायकल काढून बारामतीच्या स्टँडवर गेले. पुढे मला कळलं की तिथे उभं राहून ते 'मुंबई, मुंबई' असं ओरडत, आणि ऐकणारे त्यांना एसटीच्या चौकशीची खिडकी दाखवत.

ते परत आले ते एका टेंपोच्या पुढे पुढे. टेंपो भिगवणच्या बबनशेठचा होता. बबनशेठ मासळीचे व्यापारी, उजनीच्या पाण्यातला चिलापी (तिथे भरपूर सापडणारा मासा) मुंबईला पाठवायचे. त्यांनी खोकी उतरवली, उरलेल्या दोन जागांपैकी एक स्वतः घेतली आणि एक माशांना घेऊन दिली. उरलेली खोकी मधल्या वाटेत रचली. साळुंक्यांनी जागेवरच्या खोक्यांना पट्टा बांधला, ओढून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. आबांचा पट्टा बांधायला मात्र ते आले नाहीत. पिठाच्या पिशवीमुळे तो पोहोचतच नव्हता.

आबांनी जन्मात मासा खाल्लेला नाही. त्यांनी नाकाला पटक्याचं टोक लावलं आणि मला मागे वळून म्हणाले, "शालन, हे बी पावणेच हायत काय साखरपुड्याचं?"

विमान उगवतीला तोंड करून धावलं, थरथरलं आणि एकाएकी जमीन सोडून वर आलं.  मी पिशवीतली लिंबं आबांना द्यायला पुढे वाकले, तर आबा खिडकीला नाक लावून बसले होते. खाली उसाचे हिरवे तुकडे, मधून कालवा, एका बाजूला कारखान्याच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर, आणि लांब, अगदी कडेला, उजनीचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. आपली जमीन एवढी नीटनेटकी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. खाली असताना बांधावरून होणारी भांडणं तेवढी दिसतात.

कॅप्टनसाहेब आणि आमच्यामध्ये दार नव्हतं, एक पडदा होता आणि तोही बाजूला सारलेला. आबांनी तिथूनच त्यांना हाक मारली, आणि जाता जाता जरा शेळगाववरनं घेता का म्हणून विचारलं. फार लांब नाही, लासुर्ण्याच्या पुढेच. कॅप्टनसाहेब म्हणाले, इंधन मोजकं दिलेलं असतं, वळसा घालता येत नाही. आबांना ते पटलं. वडापवालाही तेच सांगतो.

मग आबांनी त्यांचं गाव विचारलं. गाव वाईकडचं निघालं. आबांच्या एका मावशीला तिकडेच दिलेली होती. तिथून जी चौकशी सुरू झाली ती थांबली नाही: कॅप्टनसाहेबांचे वडील काय करत, भाऊ किती, शेती कोण बघतं, पाणी आहे का, मुलाचं लग्न का राहिलं. कॅप्टनसाहेब पुढे बघत एकेक उत्तर देत होते. विमान चालवताना त्यांना असं कुणी घरचं विचारलं नसावं, कारण मुलाच्या लग्नाचा विषय निघाल्यावर ते स्वतःहून बरंच बोलले.

विमान चढणीला होतं, आणि आता खोक्यांतलं बर्फाचं पाणी मधल्या वाटेने माझ्याकडे यायला लागलं. मी पाय वर घेतले. नवराबायकोंनी डोळे न उघडता पाय वर घेतले. बबनशेठ म्हणाले, काळजी करू नका, उतरताना हे सगळं पुढे जातं, कॅप्टनसाहेबांना सवय आहे.

कंपनीकडून खायला काही नव्हतं, पाणीसुद्धा नव्हतं. आबांनी ओच्यातून पेरू काढून सगळ्यांना दिले, खिशातल्या शेंगा ओंजळीओंजळीने वाटल्या, एक पेरू पुढे पाठवला. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. औषधविक्रेता वासाने जागा झाला, जेवला आणि पुन्हा झोपला. त्या उंचीवर चटणी जास्त तिखट लागते, हे मी अनुभवाने सांगते.

तेवढ्यात डाव्या हाताला जेजुरीचा डोंगर दिसायला लागला.  खंडोबा आमचं कुलदैवत. आजवर आबांनी तो डोंगर नेहमी खालून, मान वर करून पाहिला होता. आता देव खाली आणि ते वर.

"सायेब," ते कॅप्टनला म्हणाले, "जरा कडंनं घ्या. देवाच्या डोक्यावरनं पाय न्यायचं बरं न्हवं."

कॅप्टनसाहेब म्हणाले, आपण तसेही कडेनेच चाललो आहोत. तरी आबांचं समाधान होईना. त्यांनी पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली आणि नमस्कारासाठी डोक्यावरचा पटका काढला. पटक्यातल्या शेंगा सगळ्या विमानात पसरल्या. डोंगर मागे पडेपर्यंत ते तसेच मांडी घालून बसले. त्यांचं बघून बबनशेठनीही मांडी घातली.

एवढ्या वेळात आबांना एकदाही मळमळलं नव्हतं. घोंगडीत गुरफटून त्यांचा डोळा लागला. मी मागे रेलून बसले आणि मनात वन्सचा चेहरा आणला: दारात आबा उभे आहेत, आणि वन्स हातातली परात तशीच घेऊन बघत राहिल्या आहेत. मला फार बरं वाटलं.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या गालावर पडणारं ऊन आता दुसऱ्या गालावर पडतं आहे.

कॅप्टनसाहेब बराच वेळ कानाला लावलेल्या यंत्रात बोलत होते. शेवटी ते मागे वळले आणि आवाज चढू न देता म्हणाले की मुंबईच्या आकाशात गर्दी आहे, कुणी मोठी व्यक्ती उतरते आहे, आपल्याला थांबायला सांगितलं आहे. घिरट्या घालत थांबायला इंधन नाही, त्यामुळे आपण परत चाललो आहोत. बबनशेठ म्हणाले, मग पुण्याला उतरवा. कॅप्टनसाहेब म्हणाले, पुण्याला उतरायचे पैसे पडतात, कंपनीची परवानगी नाही. मी आबांकडे पाहिलं. ते झोपलेले होते. त्यांना उठवून हे सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

उतरताना पाणी खरोखरच पुढे गेलं. कॅप्टनसाहेबांनी नुसते पाय उचलले.

चाकं टेकली तसे आबा जागे झाले. दार उघडलं, बाहेर साळुंके उभे. आबा शिडीवरून सावकाश उतरले, छाती भरून श्वास घेतला, चारी बाजूंना पाहिलं. तोच माळ, तीच पत्र्याची शेड, शेडच्या पलीकडे पाण्याची तीच टाकी. मी त्यांच्या मागोमाग उतरले.

"हवा चांगली हाय की मुंबईची," आबा म्हणाले. "लोक उगं नावं ठिवत्यात."

बबनशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी बबनशेठकडे पाहिलं. आबांनी साळुंक्यांना रामराम घातला आणि मुलुंड इथून कितीसं लांब, असं विचारलं. साळुंके बिचारे नोकरीला नवीन होते. प्रवाशांशी वाद घालू नये असं त्यांना सांगितलेलं असावं. ते म्हणाले, बरंच लांब आहे. आबा पुढे म्हणाले की इथली माणसं बोलायलाही आपल्यासारखीच दिसतात, मग सुनंदा कशाला एवढी सुधारली. मी रडायच्या बेतात आले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आबा, अहो, ही मुंबई नाही."

आबांनी टाकीकडे बघत मान हलवली. "मला ठावं हाय गं. ह्या टाकीखाली मी बैलं बांदून बाजार केल्यात. बारामती वळकत न्हाय व्हय मी?" मग ते म्हणाले, "घडीभर वाटलं, पोचलो आसं म्हणून बगावं. पोरीला काय सांगायचं आता?"

साळुंक्यांकडे मी तिकिटाचे पैसे परत मागितले. त्यांनी नियम वाचून दाखवला. उड्डाण झालेलं आहे आणि सुखरूप उतरणंही झालेलं आहे, तेव्हा कंपनीची सेवा पूर्ण झाली. चुकलं असेल तर फक्त ठिकाण, आणि त्याबद्दल नियमात काही नव्हतं. नवराबायको मात्र खूश होते. त्यांना विमानात बसायचं होतं, मुंबईत त्यांचं काही काम नव्हतं.

मी रस्त्यावरच्या एसटीडी बूथकडे धावले. वन्सच्या घरी फोन नव्हता, वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे निरोप द्यायचा. बाईंनी फोन उचलला. मी सांगितलं की विमान परत फिरलं, आणि पुढचं बोलणार तेवढ्यात लाइन गेली. पुन्हा पुन्हा फिरवलं, लागेना. पाठीमागे रांग, आणि रस्त्यावर बबनशेठ टेंपोचा हॉर्न दाबून धरलेले. त्यांचा बर्फ वितळत चालला होता. मासे घेऊन ते आता रस्त्यानेच मुंबईला निघाले होते, आणि आम्हाला घेऊन जायला तयार होते.

मी आबांना म्हटलं, घाट आहे. उलट्या होतील. तुमचं वय झालं. वन्सना मी समजावेन.

आबा टेंपोच्या पुढच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "इमानात काय झालं मला? कायबी न्हाय. का, तर बोलायला माणूस हुता. मला डायवरजवळ बसवा."

अशा रीतीने आम्ही पुढे तिघं बसलो: बबनशेठ गाडी चालवायला, मध्ये आबा, कडेला मी. मागे मासे. पाटसला हमरस्त्याला लागेपर्यंत आबांना बबनशेठच्या घरची सगळी माणसं पाठ झाली होती. धरण झालं तेव्हा बबनशेठच्या वडिलांची जमीन पाण्याखाली गेली, मग ते त्याच पाण्यात जाळं टाकायला शिकले, हे मला तेव्हा कळलं. आबा म्हणाले, आमची मेंढरं गेली आणि आम्ही ऊस लावायला शिकलो.  मग बबनशेठनी यवतजवळ गाडी थांबवून चहा पाजला. कपात चहा आणि बशीत भजी, इतकी गरम की आबा प्रत्येक भजं आधी फुंकत आणि मग त्याच्याशी काही बोलल्यासारखं करत खात.

लोणावळा आलं. मी पिशवी मांडीवर घेऊन तयार बसले. उजव्या हातात लिंबू, डाव्या हातात आलेपाक. घाट सुरू झाला. टेंपो एका बाजूला झुकला, मग दुसऱ्या. मागून बर्फाच्या पाण्याचा आणि माशांचा वास पुढे आला. आबा बबनशेठना वळू ओळखावा कसा ते सांगत होते, त्यांचा आवाजही हलत नव्हता. मी लिंबू त्यांच्यापुढे धरलं. ते नको म्हणाले. मी ते माझ्या नाकाशी नेलं. दोन वळणांनंतर मी बबनशेठना गाडी थांबवायला सांगितली.

खंडाळ्याच्या घाटात, एका वळणाच्या कठड्याशी, आबांसाठी आणलेल्या सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या मी एकटीने वापरल्या. आबा माझ्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. जाणारे ट्रकवाले आमच्याकडे बघत होते. आबा त्यांना हात वर करून सांगत होते की काळजी करू नका, सूनबाईंना घाट लागतो. घरी गेल्यावर कुणाला सांगणार नाही असं वचनही त्यांनी मला दिलं. त्यांनी ते पाळलं नाही.

मुलुंडला पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बबनशेठना पुढे बाजार गाठायचा होता, तरी त्यांनी टेंपो थेट वन्सच्या इमारतीच्या दारापर्यंत आणला. आबा उतरले. अंगावर घोंगडी, पोटावर पिठाची पिशवी, पटका एका बाजूला कललेला, आणि दिवसभर माशांच्या शेजारी बसल्याने दोघांच्याही कपड्यांना येणारा तो वास. जिने चढताना ते दोनदा थांबले. दमल्यामुळे थांबले असं मला वाटलं. मग पाहिलं, तर ते पटका नीट करत होते.

तिसऱ्या मजल्यावर वन्सचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तळणीचा आवाज येत होता आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटली जात होती. वन्सना वरच्या बाईंकडून अर्धाच निरोप मिळाला होता, आबा परत फिरले एवढाच. त्या दुपारपासून कुणाशी बोलल्या नव्हत्या. मी दार वाजवलं. आमच्या आधी आमचा वास स्वयंपाकघरात पोहोचला.

"मासळी नको आज," वन्स आतून ओरडल्या. "घरात उद्या साखरपुडा आहे."

आबा उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते.

"मासळी न्हाय गं," ते म्हणाले. "बाप हाय."

आतलं तळण करपल्याचा वास यायला लागला तरी कुणी बाहेर आलं नाही. मग वन्स आल्या. हात पिठाने भरलेले. त्या आबांसमोर उभ्या राहिल्या, वाकून नमस्कार करायला गेल्या आणि मध्येच बसकण मारून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.  आबांनी घोंगडी काढून लेकीच्या खांद्यावर टाकली. बऱ्याच वेळाने वन्सनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आबा, आधी आंगुळ करा. लई वास येतोय." वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून गावची बोली पहिल्यांदा ऐकली.

साखरपुडा छान झाला. मुलाकडची माणसं साधी होती. लोणच्याची बरणी त्यांच्याकडेच गेली. मुलाचे वडील आबांशेजारी बसले होते आणि विमान परत कसं फिरलं ते त्यांनी तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी त्यात वादळ आलं होतं.

सोमवारी आम्ही रेल्वेने निघालो. बोगदा आला तेव्हा आबा समोरच्या माणसाला त्याचं गाव विचारत होते. उजेड गेला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला, पण प्रश्न मध्ये तोडला नाही, अंधारातच पुरा केला. समोरच्या माणसाने उत्तर दिलं तोवर उजेड आला होता. भिगवणला उतरून आम्ही गरम मिसळ खाल्ली आणि एका रिकाम्या उसाच्या ट्रॅक्टरवर बसून संध्याकाळी शेळगावात आलो.

अंगणात माणसं जमलेलीच होती. आमच्या घरापुढे एवढी गर्दी मी माझ्या लग्नानंतर पाहिली नव्हती. सगळ्यांना विमानाचं ऐकायचं होतं. वर कसं वाटतं, ढग हाताला लागतात का, वरून आपलं गाव दिसलं का. आबांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि ओट्यावर बसले.

"इमानाचं काय न्हाय," ते म्हणाले. "बारामतीला चडायचं आन् बारामतीलाच उतरायचं. त्यात काय सांगायचं?"

माणसं हिरमुसली. मीही मनात या प्रवासाची हकीकत जुळवत आले होते, ती सगळी विमानाचीच होती. पण आबांनी सांगायला सुरुवात केली ती सुनंदाच्या घराची. तिसरा मजला. दाराला हिरवा रंग. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ती आधी पिण्याचं भरते, मग धुण्याचं. खिडकीत दोन कुंड्या, एकीत तुळस, एकीत मिरची. स्वयंपाकघर लहान, पण हात लांबवला की सगळं सापडतं. दुपारी कामं आटोपली की ती खिडकीशी एक पाट टाकून बसते, तिथून रेल्वेची लाइन दिसते.

"गाडी गेली की बगती," आबा म्हणाले. "म्हणली, हिकडची कंची आसंल म्हणून."

अंधार पडायला लागला तसे लोक एकेक करून उठले. विमानाचं ऐकायला आलेल्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. आबा बोलतच होते, पाट कुठल्या बाजूला ठेवते ते हाताने दाखवत.